सरकी कुणाच्या घरी राहिली?

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याने आठ-दहा किलोमीटर गेले की धाम नदीच्या काठावर पवनार लागते. वा. वि. मिराशींनी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे मांडले. १९६७ साली शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी इथे उत्खननही केले. पुढे मनसरचा दावा आला आणि तो वाद विद्वानांत अजून चालू आहे. पण गेल्या शतकात पवनारचे नाव देशभर गेले ते राजधानीमुळे नव्हे. १९३८ साली प्रकृती खालावलेले विनोबा जमनालाल बजाजांच्या इथल्या बंगल्यात राहायला आले, त्या जागेला त्यांनी परंधाम म्हटले, आणि यंत्रयुगाशी हुज्जत घालणारे एक ठिकाण म्हणून पवनार ओळखले जाऊ लागले. चरखा की गिरणी, असा तो वाद आपल्याला शाळेपासून सांगितला जातो. या वादाची मांडणीच थोडी चुकली, असे मला वाटते. दोन्ही पक्ष सूत कुठे कातले जाते यावर भांडत राहिले. वर्ध्याच्या कापूसपट्ट्यात मोठा फेरबदल झाला तो कताईच्या आधीच्या पायरीवर, सरकी काढण्याच्या आणि गाठी बांधण्याच्या पायरीवर. सरकी कुणाच्या घरी राहते, हा प्रश्न धरून गेली दीडशे वर्षे पाहिली तर यंत्राने काय दिले आणि काय नेले याचा हिशेब बराच वेगळा दिसतो.

औद्योगिक क्रांतीची पाठ्यपुस्तकातली कथा लँकेशायरची. १७३३ साली जॉन केचा धावता धोटा आला, विणकर भराभर विणू लागला, सूत कमी पडू लागले. मग हारग्रीव्हज, १७६९ साली आर्कराइट, १७७९ साली क्रॉम्प्टन यांनी सुताची टंचाई मिटवली. मग कापूस कमी पडू लागला. एका शोधाने निर्माण केलेली टंचाई दुसऱ्या शोधाने भरून काढायची, अशी ती साखळी. या साखळीचे शेवटचे टोक आपल्याकडे होते. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात तिथला कापूस अडकला आणि लँकेशायरची नजर हिंगणघाटकडे वळली. हिंगणघाटची बनी जात लांब आणि मऊ धाग्याची म्हणून लिव्हरपूलच्या बाजारात नावाने विकली जात होती. १८६२ साली नागपूरमधून वर्धा जिल्हा वेगळा काढला गेला, १८६६ साली पालकवाडीच्या जागी वर्धा शहर आखले गेले, १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, आणि मध्य प्रांत-वऱ्हाडासाठी खास कापूस आयुक्त नेमला गेला, हॅरी रिव्हेट-कारनॅक नावाचा. जिल्हा, शहर, रेल्वे आणि अधिकारी पाच-सहा वर्षांत एकापाठोपाठ एक उभे राहतात तेव्हा त्यांच्यामागचे कारण एकच असते. सध्याचे वर्धा शहर हे त्या अर्थाने कापसाच्या गाठीने वसवलेले शहर आहे.

या सगळ्यात कताईचे यंत्र कुठेच नव्हते. आधी आले ते सरकी काढणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस. त्याआधी कापूस घरी यायचा, बायका लाकडी रेच्यावर तो रेचायच्या, रुई एका बाजूला आणि सरकी दुसऱ्या बाजूला पडायची. वजनाने पाहिले तर कापसात रुई सुमारे एक तृतीयांश. बाकी जवळजवळ सगळी सरकी. ती बैलाच्या पुढ्यात जायची आणि त्यातली निवडक पुढच्या मृगासाठी बियाणे म्हणून बाजूला ठेवली जायची. रुई पिंजाऱ्याकडे, तिथून पेळू होऊन चरख्यावर, तिथून विणकराकडे. वाफेचा जिन आला तसा शेतकरी रुईऐवजी कापूस विकू लागला. दिसायला हा फरक किरकोळ आहे. पण त्यात दोन तृतीयांश वजनाचा माल गाडीत बसून गावाबाहेर गेला आणि त्यावर आता दुसऱ्याचा हक्क झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर सरकीसुद्धा मुंबईहून जहाजाने इंग्लंडच्या तेलघाण्यांकडे जाऊ लागली.

प्रेसचे काम आणखी सूचक होते. मोकळी रुई बोटीत किंवा डब्यात भरणे परवडत नाही, म्हणून ती दाबून दगडासारखी गाठ बांधायची. गिरणीत पोचल्यावर तीच गाठ फोडून, झोडपून, तंतू पुन्हा मोकळे करायला वेगळी यंत्रे लागतात. म्हणजे गाठ बांधण्याचा शोध कापसाच्या कामाचा नाही, अंतराच्या कामाचा आहे. शेताशेजारीच सूत होणार असते तर त्याची गरजच नव्हती. तरी भांडवल सगळ्यात आधी इथे गुंतले, कारण जो गाठ बांधतो तो भाव सांगतो. जिन गरजेपेक्षा जास्त झाले तेव्हा मालकांनी ‘पूल’ केले: काही जिन बंद ठेवायचे, रेचाईचा दर चढा ठेवायचा, आणि बंद जिनच्या मालकालाही नफ्यात वाटा द्यायचा. यंत्राने काम स्वस्त होते हे अर्थशास्त्राचे पहिले वाक्य खरे. पण स्वस्ताई कुणाच्या पदरात पडते हे यंत्र ठरवत नाही, हे दुसरे वाक्य वऱ्हाड-वर्ध्याच्या शेतकऱ्याने पुस्तक न वाचता शिकून घेतले. कामगारांची गत वेगळी नव्हती. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यातून वर्षात चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने वगळले होते, आणि जिन तर हंगामीच. खानदेशातल्या जिनांमध्ये बायका पहाटेपासून रात्रीपर्यंत राबतात, हे १८८५ च्या मुंबईच्या कारखाना आयोगापुढे खुद्द व्यवस्थापकांच्या तोंडून नोंदवले गेले. घरच्या रेच्यावर बसणारी बाई आणि जिनमध्ये उभी राहणारी बाई बहुधा एकाच गावची, एकाच जातीची. तिच्या कष्टाचा घरातला मालकीभाग तेवढा गेला.

बियाण्याचे नुकसान मात्र कुणी ठरवून केले नव्हते, आणि म्हणूनच ते जास्त विचार करायला लावते. जिनमध्ये दहा गावचा कापूस एकाच ढिगात पडे, सरकीही एकाच ढिगात. शेतकरी बियाण्यासाठी परत जिनकडे गेला की मिळे ती मिसळ. बनीसारखी उंची जात अशाने भेसळत गेली. त्यातच आखूड धाग्याची ‘जरी’ नावाची जात अधिक काटक निघाली. तिच्यात रुईचा उतारा बनीपेक्षा बराच जास्त पडे, आणि व्यापारी उंची मालाला फरकाचा पुरेसा भाव देत नसत. नागपूरच्या सरकारी शेतावरचे प्रयोगही जाडीभरडी जातच फायद्याची ठरवू लागले. शेतकऱ्याने हिशेब बरोबर केला आणि हिंगणघाटचे नाव ज्या कापसामुळे झाले तो कापूस बाजूला पडला. भेसळीविरुद्ध मुंबईत १८६३ सालीच कायदा झाला होता, १९२३ आणि १९२५ साली आणखी झाले. वऱ्हाडात १८९७ साली कापूस-धान्य बाजारांचा कायदा आला, तो देशातल्या नियंत्रित बाजारांचा आरंभ मानला जातो. पण त्याच्या समित्यांवर शेतकऱ्यापेक्षा व्यापाऱ्याचे वजन अधिक राहिले.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. या बाजाराने पैसा आणला नाही का? आणला. कापसाच्या तेजीत या भागात चांदी आली, जमिनीची किंमत वाढली, रेल्वेने दूरचे धान्य येऊ शकले, बलुत्याच्या बांधलेल्या व्यवहारात रोख मजुरी शिरली. औद्योगिकीकरणाने भारताचे हस्तव्यवसाय बुडवले या जुन्या मतावरही अभ्यासकांनी प्रश्न उभे केले आहेत. नागपुरात वाढलेल्या धनंजयराव गाडगीळांनी १९२४ सालच्या आपल्या ग्रंथात हस्तव्यवसायांच्या ऱ्हासाची कारणे मांडताना एकट्या यंत्राला दोषी धरले नव्हते. दरबारी आश्रयदाता नाहीसा होणे, अभिरुची बदलणे हीसुद्धा त्यांच्या लेखी मोठी कारणे होती. साठच्या दशकात मॉरिस यांनी ऱ्हासच नाकारण्यापर्यंत मजल मारली. अलीकडे तीर्थंकर रॉय आणि डग्लस हेन्स यांनी दाखवले की हातमाग मेला नाही: गिरणीचे स्वस्त सूत आणि धावता धोटा घेऊन कितीतरी विणकर टिकले, काही वाढलेही. उमरेड-नागपूरच्या कोष्ट्यांची रेशीमकाठी धोतरे-लुगडी विसाव्या शतकातही विकली जात होती, ती याच तडजोडीवर. हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट उरते. विणाई टिकली, कताई गेली. आणि कताई ही विणाईपेक्षा कितीतरी अधिक घरांत, मुख्यतः बायकांच्या हातात होती. विणकरांची मोजदाद करून ऱ्हास झाला नाही असे सांगणे म्हणजे भिंत उभी आहे म्हणून पाया शाबूत आहे असे समजणे. तेजीबद्दलही तेच. ती १८६५ साली युद्ध संपताच कोसळली. कापसाने ज्वारीची जमीन घेतली होती, सावकाराचे कर्ज मात्र वाढत्या भावाच्या हिशेबाने झाले होते. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडावरच्या अभ्यासात कापूस आणि दुष्काळ ही जोडी एकत्रच मांडली आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत रेल्वे होतीच. धान्य आणायला ती उपयोगी पडली, पण ज्याच्या कनवटीला पैसा नाही त्याच्यासाठी रेल्वेत धान्य असणे आणि नसणे सारखेच.

मग गिरणीही इथे आली. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. सुमारे तीस हजार चात्या आणि ४५० माग होते. गिरणी मुंबईत न काढता कापसाच्या शेजारी काढायची, हा त्यांचा विचार त्या काळी अनेकांना वेडेपणाचा वाटला. पण तो भाड्याच्या आणि अंतराच्या हिशेबाने पक्का होता, आणि इंग्लंडमधल्या गिरण्या रिंग स्पिंडलकडे संशयाने पाहत असताना नागपूरने ती लवकर स्वीकारली. शतक संपायच्या आत हिंगणघाट आणि पुलगावलाही गिरण्या उभ्या राहिल्या. माझ्या मुद्द्याला हे उदाहरण छेद देते असे कुणी म्हणेल: यंत्र म्हणजे माल गावापासून दूर नेणेच, असे काही नाही. अगदी खरे. एम्प्रेस मिलने कापसाच्या पायऱ्या तीनशे कोसांवरून तीस कोसांवर आणल्या, त्यातून एक शहर, एक कामगारवर्ग, भविष्यनिर्वाह निधीसारख्या काही सवलती आल्या. यंत्राचा आकार आणि यंत्राची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इतके तरी यावरून सिद्ध होते. शेतकऱ्यापुरते पाहिले तर मात्र तीस कोस आणि तीनशे कोस यांत भावाचा फरक फारसा पडला नाही, कारण गाठीचा भाव मुंबईतच ठरत राहिला.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे आणि तो बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. नागपूर भागातला महार समाज मोठ्या प्रमाणात जाडेभरडे कापड विणणारा. गिरणीने त्यांचा माग खाल्ला, आणि गिरणीनेच त्यांना रोख मजुरी, चाळ, संघटना, शाळा यांच्या जवळ आणले. विदर्भातल्या दलित चळवळीची मुळे याच वस्त्यांत जातात. १९४५ साली काँग्रेस आणि गांधी यांच्यावर लिहिलेल्या ग्रंथात आंबेडकरांनी गांधीवादाला सरळ विचारले की यंत्रावाचून माणसाला पशूच्या पातळीवरच्या कष्टातून सुटका आणि विचारासाठी फुरसत कशी मिळणार. दोष यंत्राचा नाही, त्याचा नफा काहींच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. गावात राहिलेली सरकी गावातल्या सगळ्यांची कधीच नव्हती, असे याच धाग्याने पुढे म्हणता येईल. याला सोपे उत्तर नाही आणि देण्याचा आव आणू नये. दुसऱ्या बाजूने आंबेडकरांनीच दाखवून दिलेली एक गोष्ट मात्र इथे पाहायला हवी. मुंबईच्या १९२८ च्या संपात त्यांनी मुद्दा काढला की गिरण्यांच्या विणाई खात्यात, जिथे मजुरी जास्त, तिथे अस्पृश्यांना घेतच नाहीत, कारण धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागते आणि सवर्ण विणकरांना त्यात विटाळ दिसतो. वाफेवर चालणाऱ्या यंत्राच्या पोटात जात अशी जशीच्या तशी जाऊन बसली होती. म्हणजे यंत्र गावगाड्याच्या बाहेरचा दरवाजा उघडते हे आंबेडकरांचे म्हणणे बरोबर, आणि दरवाजातून कोण किती आत जाईल हे यंत्राबाहेरच ठरते हेही त्यांचेच म्हणणे बरोबर. सरकीच्या प्रश्नाला ते मारक नाही; उलट त्यात ‘गावात कुणाच्या?’ ही भर घालते.

या पार्श्वभूमीवर वर्ध्यातले गांधींचे प्रयोग पाहिले की ते यंत्रविरोधी होते हा समज टिकत नाही. शिवणयंत्राचे कौतुक त्यांनी १९२४ सालीच केले होते. १९२९ साली चरखा संघाने एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले ते झोपडीत चालेल, दीडशे रुपयांच्या आत मिळेल आणि खूप जास्त सूत देईल अशा चरख्यासाठी. बक्षीस कुणालाच मिळाले नाही. १९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे ठाणे झाले, जे. सी. कुमारप्पा चिटणीस झाले. तिथे चूल, तेलघाणी, हातकागद, वनस्पती तेलावर जळणारा दिवा यांवर वर्षानुवर्षे काम झाले. ३० डिसेंबर १९३८ ला मगन संग्रहालय उघडले. मगनवाडी ही चक्क एक संशोधन प्रयोगशाळा होती, फक्त तिचा प्रश्न वेगळा होता: किती माल निघेल यापेक्षा काम कुणाच्या हातात उरेल.

तिचा कच्चा दुवा अर्थकारणाचा होता, आणि तो हे प्रयोग करणाऱ्यांना ठाऊक होता. नालवाडीला विनोबांनी नुसत्या कताईच्या मजुरीवर जगण्याचा प्रयोग केला तेव्हा खादी कातणाऱ्या बाईला आपण काय देतो हे त्यांना पोटातून कळले. १९३५ साली गांधींनी कातणारीला जगण्यापुरती मजुरी द्यायचा आग्रह धरला आणि चरखा संघाने दर वाढवले, खादी महागली. स्वस्तपणात गिरणीशी स्पर्धा करता येत नाही, न्याय्य मजुरी दिली तर मुळीच करता येत नाही, हे सत्य खादीच्याच लोकांनी स्वतःच्या हिशेबवहीत लिहून ठेवले आहे. पवनारला १९५० च्या सुमारास विनोबांनी कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला, पैशाशिवाय आणि बैलाशिवाय शेती, तो या कोंडीवरचा टोकाचा उपाय होता: बाजाराशी बरोबरी होत नसेल तर बाजारातूनच बाहेर पडायचे. आश्रमाच्या कुंपणात ते काही काळ साधले. कुंपणाबाहेर ते जाणार नव्हते, कारण सामान्य शेतकऱ्याला सारा, लग्न, आजारपण आणि सावकार यांच्यासाठी पैसा लागतोच. १९५१ साली विनोबा भूदानासाठी पायी निघाले आणि प्रयोग मागे पडला. तो फसला म्हणणे अन्यायाचे होईल. तो पोचायचा तिथवर पोचला.

विनोबांचे यंत्रांचे वर्गीकरण मात्र त्या प्रयोगापेक्षा जास्त टिकाऊ निघाले. वेळ वाचवणारी, संहार करणारी आणि उत्पादन करणारी अशी तीन प्रकारची यंत्रे ते मानत, आणि उत्पादन करणाऱ्यांत पुन्हा पूरक आणि मारक असे दोन भाग पाडत. एका देशात पूरक ठरलेले यंत्र दुसऱ्या देशात मारक ठरू शकते, आणि एकाच देशात काळ बदलला की उलटही होऊ शकते. यात यंत्राच्या धर्माचा प्रश्न नाही, परिस्थितीचा आहे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी द. गो. कर्वे समितीने १९५५ साली ग्रामोद्योगांसाठी संरक्षण आणि अंबर चरख्यासारखी सुधारित साधने यांवर भर दिला तो थोडा याच दिशेने होता. पण देशाने महालनोबिसांची जड उद्योगांची वाट मुख्य मानली आणि ग्रामोद्योगाच्या वाट्याला अनुदान आले. अनुदानावर जगणारे तंत्र सुधारत नाही. खादीची ही खरी शोकांतिका, आणि तिची जबाबदारी गिरणीवर ढकलता येत नाही.

पूरक-मारकाची कसोटी बियाण्याला लावून पाहा. १९७० साली सुरतेच्या केंद्रातून एच-४ हा संकरित कापूस आला; संकरित असल्यामुळे बियाणे दरवर्षी विकत घेणे भाग. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, तीही संकरित वाणांतून. बोंडअळीपासून काही वर्षे खरोखर दिलासा मिळाला, फवारण्या घटल्या, देशाचे कापूस उत्पादन वाढले. हे नाकारणे म्हणजे शेतकऱ्याला वेडा ठरवणे, आणि तो वेडा नाही हे ‘जरी’ कापसाच्या वेळीच दिसले होते. प्रश्न जनुकाचा नव्हता. चीनमध्ये तेच तंत्र सरळ वाणांतही आले, जिथे घरची सरकी पुढच्या वर्षी पेरता येते. आपल्याकडे ते फक्त संकरित पाकिटात बंद झाले. पावसावर अवलंबून असलेल्या वर्ध्या-यवतमाळच्या जमिनीत त्या पाकिटाने खर्च आधी आणि जोखीम नंतर, असा क्रम पक्का केला. २००६ साली पंतप्रधानांचे विशेष पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांना मिळाले त्यात वर्धा होता. त्याच वर्षी पंतप्रधान मनमोहन सिंग जिल्ह्यातल्या वायफडला येऊन गेले. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीलाही दाद देईनाशी झाली. १८८० च्या जिनने घरचे बियाणे ढिगात मिसळले होते. २००२ च्या पाकिटाने ते घरी ठेवण्यातला अर्थच काढून घेतला. एकशे वीस वर्षांच्या अंतराने पडलेली ही दोन पावले एकाच वाटेवरची आहेत.

राज्याने १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी आणून व्यापाऱ्याला बाजूला सारले, आणि तीस वर्षे ती योजना चालली, तेव्हा तरी ही वाट बदलायला हवी होती. बदलली नाही. खरेदीदार सरकार झाले, पण शेतकरी केंद्रावर आणून टाकत होता तो कापूसच. रुई, सूत, तेल या पुढच्या पायऱ्या त्याच्या हातात आल्या नाहीत. सहकारी सूतगिरण्यांनी ते करायचे होते, आणि त्यांतल्या कितीतरी कर्जात बुडाल्या. एम्प्रेस मिलही बंद पडली. आज पवनारच्या शिवारात मृगात जे पाकीट फुटते त्याची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवते, दिवाळीनंतर वेचणीच्या कापसाचा भाव न्यूयॉर्कच्या वायद्यावर हलतो, आणि कापूस जिनला पोचवून रिकामी झालेली गाडी परतताना बैलासाठी सरकीचीच ढेप विकत घेऊन येते.